आठ दिवस आधीचं मत

मी २०२४ च्या विधानसभेचं मत २० नोव्हेंबरला दिलं नाही. त्याच्या आठ दिवस आधी दिलं. माझ्या गावच्या शाळेतही दिलं नाही. पाटणला दिलं, प्रशिक्षणाच्या हॉलशेजारच्या एका खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, बॉलपेनने.

माझं नाव २५६ वाई मतदारसंघाच्या यादीत आहे आणि इलेक्शन ड्युटी लागली ती २६१ पाटणला. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात लागली की मतदानाच्या दिवशी गावी येणं विसरायचं. आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला हजर व्हायचं, रात्री केंद्रावरच मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉक पोल म्हणजे यंत्राची चाचणी, सातला मतदान सुरू, आणि सगळं साहित्य जमा करून मोकळं व्हायला मध्यरात्र. म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांसाठी टपाली मतदान असतं. नाव टपाली असलं तरी आमच्यापुरता त्यात आता टपालाचा संबंध राहिलेला नाही. २०२३ साली नियम बदलला. ड्युटीवरच्या माणसाने मतपत्रिका सुविधा केंद्रावर घ्यायची, तिथेच खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची. पूर्वीसारखी घरी न्यायची नाही.

हा बदल माझ्या लेखी किती मोठा आहे ते कळायला आधी २०१९ सांगावं लागेल.

तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होतो, नाव मात्र गावच्याच यादीत. लोकसभेला ड्युटी लागली. प्रशिक्षणात नमुना १२, म्हणजे टपाली मतपत्रिकेच्या मागणीचा अर्ज, भरून दिला, त्यात पत्ता शाळेचा दिला. मतपत्रिका यायची वाट पाहिली. एप्रिल गेला, शाळेला सुट्टी लागली, २३ मेला निकालही लागला. जूनच्या मध्याला शाळा उघडली तेव्हा शेजारच्या किराणा दुकानदाराने एक जाड पाकीट हातात ठेवलं. ‘गुरुजी, सुट्टीत पोस्टमन देऊन गेला होता,’ म्हणाला. आत कोरी मतपत्रिका. माझं मत त्या दुकानात, गोळ्या-बिस्किटांच्या बरणीमागे पडून राहिलं होतं. त्या पाकिटाचं काय करावं हे मला कळेना. फाडावंसं वाटलं नाही. बरेच दिवस ते टेबलाच्या खणात होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा आली. या वेळी मतपत्रिका वेळेत मिळाली. सोबतच्या घोषणापत्रावर, म्हणजे ‘मतदार मीच’ असं लिहून द्यायच्या कागदावर, राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते, ती मिळवायला अर्धा दिवस गेला. मग घरी बसून सगळं नीट भरलं, चिकटवलं, वेळेत पोचतं केलं. या खेपेला तरी मत लागी लागलं, असं पाच वर्षं मानून होतो.

२०२४ ला पाटणच्या प्रशिक्षणात कळलं की ते लागी लागलंच नव्हतं.

त्या दिवशी पहाटे अंधारातच मोटारसायकल काढली. साताऱ्याला चहा घेतला, उंब्रजवरून मल्हारपेठेकडे वळलो तेव्हा उजाडत होतं. थंडी चांगली पडली होती. हॉल भरलेला. माझ्यासारखे शिक्षक सगळ्यात जास्त, मग ग्रामसेवक, पाटबंधारे खात्याचे, बँकेचे लोक. यंत्रांची जोडणी, सीलिंग, १७-क म्हणजे झालेल्या मतांचा हिशेब भरणं, हे नेहमीचं झालं. मग एक नायब तहसीलदार मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, ‘आता तुमच्या स्वतःच्या मताबद्दल बोलू. दुसऱ्यांची हजार मतं बिनचूक करून घेता आणि स्वतःचं एक बाद करून येता.’

त्यांनी दोन पाकिटं हातात धरली. लहान ते १३ ब, मोठं ते १३ क. आणि एक कागद, १३ अ, म्हणजे घोषणापत्र. ‘मतपत्रिका लहान पाकिटात. लहान पाकीट मोठ्या पाकिटात. आणि घोषणापत्र कुठे? मोठ्यात. लहान पाकिटाच्या बाहेर. ते लहान पाकिटात टाकलंत तर मोजणीच्या टेबलावर मोठं पाकीट उघडल्यावर घोषणापत्र दिसणार नाही, आणि मग लहान पाकीट कुणी उघडतसुद्धा नाही. बाद.’

मी २०१९ ला घोषणापत्र मतपत्रिकेभोवती गुंडाळून लहान पाकिटात घातलं होतं. दोन्ही एकत्र राहावेत, हरवू नयेत म्हणून. मला ते स्पष्ट आठवत होतं, कारण पाकीट फुगलं होतं आणि चिकटायला त्रास झाला होता.

पुढचं थोडा वेळ मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या सरांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘मी तर तेव्हा सहीच घेतली नव्हती कुणाची.’

आमच्यात हे असंच चालत आलंय. कुणाची सही राहते, कुणाचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा राहतो, कुणी मतपत्रिकेवरच नाव लिहितो. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल पेनाने चुका काढणारी माणसं आम्ही, आणि आमच्याच मतावर ‘बाद’ असा शेरा. ‘टपाली मतांनी काय फरक पडतो’ असंही कुणी म्हणतं. त्यावर मला मुंबई उत्तर-पश्चिमचा २०२४ च्या लोकसभेचा निकाल सांगावासा वाटतो. यंत्रांवरची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांना ४,५१,०९४ मतं होती. एका मताचा फरक. टपाली मतांत कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, त्यात मी शिरत नाही. मला त्यातला एवढाच भाग दिसतो की साडेचार-साडेचार लाख लोकांनी बटण दाबून झाल्यावर निकाल ठरला तो पेनाने खूण केलेल्या कागदांवर. पोलीस, शिक्षक, आरोग्यसेविका, सैनिक आणि घरात बसून मत दिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कागदांवर. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा फरक १६२ मतांचा होता. एवढे लोक तर आमच्या एका प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसलेले असतात.

सुविधा केंद्र त्याच इमारतीत होतं. जिल्ह्यातल्या आठही मतदारसंघांची वेगवेगळी टेबलं, वर कागद चिकटवलेले: फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा. वाईच्या टेबलापुढे आम्ही दहा-बारा जण होतो. ड्युटीचा आदेश दाखवला, ओळखपत्र दाखवलं, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सांगितला. टेबलावरच्या ताईंनी यादीत बोट फिरवत माझं नाव शोधलं. मी इतकी वर्षं मतदान अधिकारी क्रमांक एकच्या खुर्चीत बसून लोकांची नावं शोधतोय. समोर उभं राहून आपलं नाव सापडायची वाट बघताना छातीत किती धडधडतं, ते मला ठाऊक नव्हतं. मेमध्ये लोकसभेला तसं झालं नव्हतं. तेव्हा ड्युटी कोरेगावात होती, आणि वाई काय, कोरेगाव काय, दोन्ही सातारा लोकसभेतच येतात. त्यामुळे इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट घेऊन मी ड्युटीच्याच केंद्रावर, तिथल्याच यंत्रावर मत दिलं होतं.

मतपत्रिका मिळाली. घोषणापत्रावर तिचा अनुक्रमांक लिहिला, सही केली, शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे साक्षांकन केलं. दोन मिनिटं. याच सहीसाठी पाच वर्षांपूर्वी मी या कचेरीतून त्या कचेरीत हिंडलो होतो.

पुठ्ठ्यामागे गेलो. कागद टेबलावर पसरला. यंत्रापुढे माणूस फार वेळ उभा राहत नाही. बटण दाबायचं, लाल दिवा, लांब आवाज, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, संपलं. कागदाचं तसं नाही. सगळी नावं एकाखाली एक, शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’. एरवी न वाचलेली अपक्षांची नावंही मी वाचली. पेनाचं टोक चौकटीवर टेकवलं आणि हात थबकला. खूण रेषेबाहेर गेली तर? दोन चौकटींत पसरली तर कुणाचं मत धरणार? शाई दुसऱ्या बाजूला उमटली तर? मनातलं नाव कधीच पक्कं होतं, पण ते कागदावर उतरवायची अशी जबाबदारी मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. चौकटीच्या बरोब्बर मधोमध बरोबरची खूण केली. वाळायला थांबलो. फुंकर मारली. मग घडी.

एक शंका मला होती आणि माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांना होती. घोषणापत्रावर माझं नाव आणि मतपत्रिकेचा अनुक्रमांक. लहान पाकिटावरही तोच अनुक्रमांक. मग मोजणीला बसलेल्यांना कळणारच की मी कुणाला मत दिलं? त्या मॅडमना मी थेट विचारलं. त्यांनी फार चांगलं समजावलं. मोजणीच्या दिवशी मोठी पाकिटं उघडून घोषणापत्रं तपासतात, दोन्ही अनुक्रमांक जुळतात का बघतात. मग नीट असलेली सगळी घोषणापत्रं एका लिफाफ्यात घालून तो सील करतात. त्यानंतरच लहान पाकिटं उघडायची, आधी नाही. म्हणजे मतपत्रिका बाहेर येते तेव्हा नावाचा कागद लाखेखाली बंद झालेला असतो. हा क्रम कायद्यातच लिहिलेला आहे. ‘सर, सरकारला तुमचं नाव हवंय ते तुम्ही खरे आहात का एवढं बघायला,’ त्या म्हणाल्या. मला हे उत्तर इतकं पटलं की परतीच्या वाटेवर मल्हारपेठेत चहाला थांबलो तिथेही मी ते दोघांना सांगितलं.

पाकिटं भरताना मी प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणत होतो. मतपत्रिका लहानात. लहान चिकटवलं. लहान मोठ्यात. घोषणापत्र मोठ्यात, बाहेर. मोठ्यावर सही. टेबलावर डिंकाची बाटली होती, वरचं रबरी टोक वाळून कडक झालेलं. तर्जनीने डिंक लावला, अंगठ्याने कड दाबत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही. पेटी समोरच होती, कुलूप लावलेली, वर सील, पलीकडे व्हिडिओ कॅमेरा, भिंतीकडेला उमेदवारांचे दोन-तीन प्रतिनिधी बसलेले. पाकीट फटीतून आत गेलं आणि खाली पडल्याचा आवाज झाला. पाच वर्षं ऐकायचा राहिलेला आवाज तो.

बायकोला फोन केला. ‘झालं?’ तिने विचारलं. ‘झालं,’ म्हटलं. तिला २०१९ च्या दोन्ही गोष्टी माहीत होत्या. एक आधीपासून, दुसरी मी त्या क्षणी सांगितली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘या आता सावकाश.’

पुढचे आठ दिवस वेगळे गेले. गावात प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या, भोंग्यावर गाणी, चौकात सभा. उमेदवाराची माणसं ओट्यावर येऊन हात जोडत, ‘गुरुजी, लक्ष असू द्या.’ मी नमस्कार करायचो. माझं ठरून, लिहून, पेटीत पडून झालं होतं. आधी मत दिलं की शेवटच्या आठवड्यातलं काही तुमच्यापर्यंत पोचत नाही, मत बदलावंसं वाटलं तरी बदलता येत नाही, हे खरं आहे. माझ्यापुरतं सांगतो, मला त्याचा त्रास झाला नाही. पाच वर्षं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, शेवटच्या आठ दिवसांच्या भोंग्यावर माझं ठरत नाही. पण ज्याचं मन हेलकावे खातंय त्याच्यासाठी हे अवघड आहे, आणि त्याला पर्याय नाही हेही खरं. एकदा टपाली मतपत्रिका दिली गेली की यादीत नावापुढे खूण होते. नंतर ड्युटी रद्द झाली तरी केंद्रावर जाऊन बटण दाबता येत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या घरात आणखी एक मत झालं. आईचं. आई ८६ वर्षांची. २०२४ पासून ८५ च्या वरच्यांना घरून मत देता येतं, पूर्वी ८० ची अट होती. ऑक्टोबरात मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताई घरून मत देण्याचा अर्ज, नमुना १२ ड, घेऊन आल्या तेव्हा आई चिडली होती. ‘मला काय झालंय? शाळंत गेलं म्हंजे चार बायका भेटत्यात.’ पण पावसाळ्यापासून गुडघे उंबराही ओलांडू देईनात. दोन दिवसांनी तिनेच ताईंना बोलावून घेतलं आणि सही केली. सही ती साक्षरता वर्गात शिकलेली आहे, मोठी मोठी अक्षरं, ओळीच्या वर चढत जाणारी.

शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी आलो आणि पाठोपाठ पथक आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस, कॅमेरावाला. त्यांनी खाटेवर पाट ठेवला, पाटावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईने डोक्यावर पदर सारखा केला. मतपत्रिका हातात घेऊन म्हणाली, ‘बटन न्हाई?’

‘नाही आजी, कागदावर.’

‘मग शिक्का कुठाय?’

तिची अर्धी हयात शिक्का मारण्यात गेलेली. त्या पोराने पेन पुढे केलं. ‘पेनानं खूण करा. एकाच नावापुढं.’

‘बरोबरची का फुली?’

‘काहीही चालंल.’

मग तिने माझ्याकडे बघितलं. ‘तू भाईर जा.’ मी अंगणात गेलो. सून स्वयंपाकघरात, कर्मचारी भिंतीकडे तोंड करून. दहा मिनिटं तरी लागली तिला. आतून आवाज नाही. अंगणातून मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि पुढे झुकून, कागदाला नाक लावून एकेक नाव वाचणारी मान. कुणी तिला ‘झालं का आजी’ म्हणून टोकलं नाही. त्या पोरांना अजून आठ-दहा घरं करायची होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

ते गेल्यावर आई म्हणाली, ‘आता बुधवारी मी काय करू?’

बुधवारी, मतदानाच्या दिवशी, मी कोयनेच्या काठच्या एका गावात, पहिल्या टेबलावर होतो. समोर चिन्हांकित यादी, हातात पट्टी आणि पेन. मतदार आला की नाव आणि नंबर मोठ्याने वाचायचा, प्रतिनिधी आपापल्या यादीत बघतात, मग मी नावावर रेघ मारायची, बाई असेल तर नंबराला गोल. नऊशेच्या वर मतदार. दुपारी जरा गर्दी कमी झाली तेव्हा मी यादी पुढे चाळली. एका बाईच्या नावापुढे लाल शाईत ‘पीबी’, म्हणजे पोस्टल बॅलट, लिहिलेलं. प्रतिनिधींपैकी एक जण म्हणाला, ‘त्या आमच्या अंगणवाडीच्या मॅडम, त्यांची ड्युटी कराडकडं हाय.’

तिकडे आमच्या गावच्या शाळेत त्या वेळी कुणी तरी अनोळखी शिक्षक माझ्यासारखाच पट्टी धरून बसला असेल. त्याच्या यादीत एकाच घर क्रमांकावर दोन ‘पीबी’, एक आईच्या नावापुढे, एक माझ्या. मी त्या बाईंच्या नावाखाली पट्टी सरळ केली आणि पुढच्या मतदाराची चिठ्ठी घेतली.